चांदीचे जंतुरोधी उपयोग

चांदीचे जंतुरोधी उपयोग : (वैद्यकीय व दंतवैद्यकीय). चांदीचे आयन (विद्युत् भारित अणू) अत्यल्प प्रमाणातही सूक्ष्मजंतूंना मारक ठरतात. या गुणधर्माचा उपयोग भाजलेल्या जखमा, चिरकारी (दीर्घकाळ रेंगाळणारे) व्रण व दंतक्षय यांवरील उपचारांत करण्यात येतो. चांदी याकरिता तीन रूपांत वापरली जाते : विद्राव्य लवणे, अल्पविद्राव्य संयुगे आणि धातूचे अतिसूक्ष्म कण. तिन्ही रूपांत प्रत्यक्ष कार्य आयनच करतात. ते ज्या पृष्ठभागावर लावले जातात तेथेच क्रियाशील असतात. रक्तातून शरीरभर पसरून संसर्गाशी मुकाबला करण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही. चांदीची उपयुक्तता आणि तिची मर्यादा या दोहोंचे मूळ या एकाच गोष्टीत आहे.

मोठे रुग्णालय जवळ असते तेथे चांदीच्या औषधाची निवड हा तपशिलाचा भाग ठरतो. जेथे ते दूर असते तेथे मात्र या निवडीवर रुग्णाचे पुढील भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून राहते. या कारणाने प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील परिस्थितीचा ठिकठिकाणी निर्देश केला आहे. गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला असून पावसाळ्यात पर्लकोटेसारख्या नद्यांना पूर आला की भामरागडसारख्या भागांचा बाहेरील जगाशी संपर्क तुटतो.

इतिहास : पाणी चांदीच्या भांड्यात ठेवल्यास ते टिकते, हा अनुभव फार जुना आहे. आयुर्वेदातील रौप्य भस्म पोटात घेण्याचे औषध असून त्याचा प्रस्तुत जंतुरोधी उपयोगाशी थेट संबंध नाही. आधुनिक वैद्यकात प्रथम सिल्व्हर नायट्रेट हे लवण आले. त्याच्या कांडीने चामखीळ व व्रणावर वाढलेले अतिरिक्त मांस जाळण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ होती. लाइपसिक येथील प्रसूतिविद्यातज्ञ कार्ल झीगमुंट फ्रांट्स क्रेडे (१८१९–९२) यांनी १८८०-८१ च्या सुमारास नवजात अर्भकाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटाच्या २% विद्रावाचा थेंब घालण्याची पद्धत सुरू केली. मातेच्या परम्याच्या संसर्गामुळे अर्भकांना होणारा व अंधत्व आणणारा नेत्रशोथ तिच्यामुळे झपाट्याने कमी झाला. पुढे प्रतिजैव पदार्थांची मलमे उपलब्ध झाल्यावर ही पद्धत बहुतेक ठिकाणी मागे पडली.

स्विस वनस्पतिवैज्ञानिक कार्ल फोन नेगेली (१८१७–९१) यांनी काही धातूंच्या अत्यल्प मात्रेच्या मारक परिणामाला ‘ऑलिगोडायनॅमिक’ (अल्पमात्रप्रभावी) असे नाव दिले. प्रतिजैव पदार्थांच्या आगमनानंतर चांदी काही काळ विस्मृतीत गेली. १९६५ मध्ये मॉयर व त्यांचे सहकारी यांनी भाजलेल्या जखमांवर सिल्व्हर नायट्रेटाच्या ०·५% विद्रावात भिजविलेल्या पट्ट्या वापरून तिचे पुनरुज्जीवन केले. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी चांदी व सल्फाडायाझीन यांचे सिल्व्हर सल्फाडायाझीन हे संयुग प्रचारात आणले. त्याचे १% मलम जगभर भाजण्यावरील प्रमुख औषध बनले.

क्रियेचे स्वरूप : चांदीचा आयन जंतूच्या कोशिकेवर एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करतो. प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी तो घट्ट बद्ध होतो व त्यामुळे श्वसनक्रियेतील एंझाइमे निकामी होतात. कोशिकापटलाला छिद्रे पडतात आणि आत शिरलेले आयन डीएनएशी बद्ध होऊन कोशिकेचे विभाजन थांबवितात. बहुतेक प्रतिजैव पदार्थ एकाच लक्ष्यावर काम करतात. त्या मानाने चांदीला रोध निर्माण करणे जंतूंना अवघड जाते; अशक्य मात्र नाही.

जखमेतील परिस्थिती या क्रियेला अनुकूल नसते. जखमेतून पाझरणाऱ्या द्रवातील क्लोराइडाशी संयोग होऊन चांदीचा अविद्राव्य साका बनतो आणि द्रवातील प्रथिने उरलेले आयन शोषून घेतात. म्हणून एकदाच पुष्कळ आयन देण्यापेक्षा थोडे थोडे आयन दीर्घकाळ देत राहणारा साठा अधिक उपयोगी पडतो. सिल्व्हर सल्फाडायाझीन असा साठा आहे आणि चांदीचे सूक्ष्मकण हाही असाच साठा आहे.

सूक्ष्मकण : १ ते १०० नॅनोमीटर व्यासाच्या कणांना नॅनोकण म्हणतात (१ नॅनोमीटर म्हणजे १ मिमी. चा दहा लक्षावा भाग). धातूच्या पृष्ठभागावरूनच आयन सुटत असल्याने कण जितका लहान तितके समान वजनाच्या चांदीचे कार्य अधिक होते. १ ग्रॅ. चांदीच्या १ मिमी. व्यासाच्या गोळ्या केल्या, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ६ चौ. सेंमी. भरतो. त्याच चांदीचे १० नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर तो सुमारे ५७ चौ. मी. होतो. अंगावरील चांदीचा दागिना जंतुनाशक म्हणून का उपयोगी पडत नाही आणि त्याच धातूचा चिमूटभर कणसंच का उपयोगी पडतो, हे यावरून ध्यानात येईल.

महाराष्ट्रात या क्षेत्रात उल्लेखनीय काम झाले आहे. पुणे येथील आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर व त्यांचे सहकारी यांनी ७ ते २० नॅनोमीटर व्यासाच्या चांदीच्या कणांपासून त्वचेवर लावावयाचे जेल तयार केले व त्याचा वृत्तांत २००९ मध्ये प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतील परीक्षणात या जेलची जंतुरोधी व्याप्ती बाजारातील सिल्व्हर सल्फाडायाझीन मलमाइतकीच आढळली. मात्र त्यातील चांदीचे प्रमाण मलमाच्या सुमारे एक-तिसांश होते. पुण्याच्याच टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर आधारलेला पाणी गाळण्याचा संच विकसित झाला. पुढे राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून केलेला त्याचा सुधारित प्रकार २००९ च्या अखेरीस बाजारात आला. या संचाला वीज लागत नाही.

भाजलेल्या जखमा : वनप्रदेशात भाजण्याची कारणे शहरांपेक्षा वेगळी असतात. हिवाळ्यात रात्रभर पेटती ठेवलेली शेकोटी, उघडी चूल, मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची प्रथा आणि आकडी येऊन विस्तवात पडणे ही त्यांपैकी काही होत. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्र व अन्य कारखाने यांतील अपघातांची त्यांत भर पडते.

प्रथमोपचारात चांदीला स्थान नाही. भाजलेल्या भागावर सुमारे वीस मिनिटे स्वच्छ, साधे गार पाणी सोडणे हा पहिला उपचार होय. शेण, राख, शाई अथवा दंतमंजन लावल्याने जखम दूषित होते. त्यानंतर स्वच्छ कापडाने भाग झाकून रुग्णाला दवाखान्यात न्यावे व धनुर्वातप्रतिबंधक लस द्यावी.

पुढील टप्प्यावर एक महत्त्वाचा निर्णय करावा लागतो. सिल्व्हर सल्फाडायाझीन मलम पांढरे असते. एक-दोन दिवसांत जखमेतील द्रवाशी मिसळून त्याचा खपलीसारखा थर बनतो. या थराखाली जखम किती खोल आहे हे कळत नाही, आणि त्वचारोपण करावयाचे की नाही हे तर खोलीवरूनच ठरते. म्हणून रुग्णाला काही तासांत मोठ्या रुग्णालयात पोहोचविता येत असेल, तर मलम न लावता केवळ कोरड्या स्वच्छ पट्टीने जखम झाकून त्याला पाठविणे योग्य, असा सर्वसाधारण नियम आहे. चंद्रपूर शहराच्या परिसरात तो पाळता येतो. पुरामुळे वाट बंद झालेल्या भामरागड वा एटापल्ली तालुक्यातील गावात तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. तेथे रुग्ण काही दिवस अडकून पडणार असेल, तर जखम धुऊन, तिची व्याप्ती व खोली यांची लेखी नोंद करून (शक्य झाल्यास छायाचित्र घेऊन) मग चांदीचे मलम लावणे इष्ट ठरते. जंतुसंसर्गाचा धोका अशा वेळी खोली झाकली जाण्याच्या गैरसोयीहून मोठा असतो. मलम रोज धुऊन काढावे व नव्याने लावावे; जुन्या थरावर नवा थर देऊ नये.

हेमलकसा (ता. भामरागड) येथे १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या व प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी चालविलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात भाजलेल्या तसेच अस्वलाने जखमी केलेल्या रुग्णांवर जागीच उपचार करण्याची परंपरा आहे. अस्वलाच्या हल्ल्यातील जखमा खोल व फाटक्या असतात. त्या भरपूर पाण्याने धुणे, मृत ऊतक काढणे, अलर्कविषरोधक (रेबीज) लस व रक्तद्रव्य देणे आणि प्रतिजैव पदार्थ देणे या क्रियांना प्राधान्य असते. खोल जखमेच्या तळाशी मलमातील चांदी पोहोचत नाही.

एकूण पुराव्याचा विचार करता सिल्व्हर सल्फाडायाझीनाचे स्थान पूर्वीइतके निर्विवाद राहिलेले नाही. उथळ व मध्यम खोलीच्या जखमा नव्या प्रकारच्या पट्ट्यांखाली या मलमापेक्षा लवकर भरून येतात, असे तुलनात्मक चाचण्यांच्या समीक्षणांत आढळले आहे. वाढणाऱ्या नव्या त्वचेच्या कोशिकांनाही चांदी काही प्रमाणात मारक असते, हे त्याचे एक कारण होय. म्हणून जखम स्वच्छ होऊन लाल, दाणेदार दिसू लागली की मलम थांबवावे. नॅनोस्फटिकी चांदीच्या पट्ट्या तीन ते सात दिवस ठेवता येतात. त्यामुळे रोजच्या वेदनादायक पट्टीबदलातून रुग्णाची सुटका होते. दूरच्या गावाच्या दृष्टीने हा मोठा लाभ असला, तरी त्यांची किंमत अधिक असते.

सोलापूर येथील शल्यचिकित्सक एम्. सुब्रह्मण्यम् यांनी १९९१ मध्ये मध आणि सिल्व्हर सल्फाडायाझीन यांची तुलना प्रसिद्ध केली. तीत मध लावलेल्या जखमा लवकर जंतुरहित होऊन लवकर भरल्याचे त्यांना आढळले. मुंबईच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांच्या पट्ट्यांचा यशस्वी प्रयोग केला. मधाच्या चाचण्यांच्या पद्धतीविषयी समीक्षकांनी काही आक्षेप घेतले असले, तरी चांदी हा एकमेव मार्ग नव्हे हे अशा कामावरून दिसून येते. मात्र जंगलातील पोळ्यातून आणलेला मध जंतूंच्या बीजुकांपासून मुक्त असतोच असे नाही. तो तसाच जखमेवर लावणे धोक्याचे आहे.

चिरकारी व्रण : कुष्ठरोगात संवेदना गेलेल्या तळपायावर दाबामुळे व्रण होतात. वरोरा (जि. चंद्रपूर) येथील आनंदवन या संस्थेचा आरंभ कुष्ठरुग्णांच्या उपचारांतून व पुनर्वसनातून झाला, हे सर्वश्रुत आहे. अशा व्रणांवर तसेच मधुमेही रुग्णांच्या पायांवरील व्रणांवर जंतूंची वाढ प्रमाणाबाहेर झाली असल्यास चांदीयुक्त पट्ट्या सुमारे दोन आठवडे वापरून पाहतात. तेवढ्या काळात सुधारणा न दिसल्यास त्या पुढे चालू ठेवण्यात अर्थ नसतो. पायावरील दाब कमी करणे, योग्य पादत्राण आणि मृत ऊतक काढणे यांशिवाय कोणत्याही पट्टीने हे व्रण बरे होत नाहीत.

रुग्णालयीन साधनांवर चांदीचा लेप देण्याचे फलित संमिश्र आहे. श्वासनलिकेत घालावयाच्या चांदीलेपित नळीने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांतील फुप्फुसदाहाचे प्रमाण ७·५ टक्क्यांवरून ४·८ टक्क्यांवर आल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. चांदीलेपित मूत्रनलिकांचा मात्र २०१२ मधील मोठ्या चाचणीत विशेष लाभ आढळला नाही.

दंतवैद्यकातील उपयोग : दात भरण्याच्या पारदमिश्रणात (अमाल्गमात) चांदी हा प्रमुख घटक असतो, पण तेथे तिचा उपयोग बळकटीसाठी होतो. पाऱ्याच्या वापराबाबतच्या २०१३ च्या मिनामाता करारानंतर या मिश्रणाचा वापर कमी करण्यात येत आहे. जंतुरोधी म्हणून पर्सी हाउ यांनी १९१७ मध्ये अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट किडलेल्या दातांवर वापरले. जपानमध्ये १९७० च्या सुमारास सिल्व्हर डायअमाइन फ्ल्युओराइड या संयुगाचा ३८% विद्राव मान्य झाला. अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये दातांची संवेदनशीलता कमी करण्यासाठी परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला.

या विद्रावातील चांदी दंतिनातील (दाताच्या कठीण आवरणाखालील थरातील) जंतू मारते, तर फ्ल्युओराइड मऊ झालेल्या दंतिनात पुन्हा खनिज बसण्यास मदत करते. परिणामी कीड आहे तेथे थांबते व भाग कठीण होतो. मुलांच्या दुधाच्या दातांवरील चाचण्यांत सुमारे चार-पंचमांश किडी या उपचाराने थांबल्याचे आढळले आहे. उपचार सोपा आहे. ओठांना पेट्रोलियम जेली लावून दात कापसाने कोरडा करतात, बारीक कुंचल्याने विद्राव सुमारे एक मिनिट लावतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. त्यासाठी दात कोरण्याचे यंत्र, वीज, भूल देण्याची सुई वा दंतखुर्ची यांपैकी कशाचीच गरज नसते. आश्रमशाळेच्या ओसरीवर बसूनही प्रशिक्षित दंतवैद्य अनेक मुलांवर तो एका सकाळी करू शकतो. सोयीनुसार त्यावर काच-आयनोमर सिमेंट भरता येते.

उपचाराने किडलेला भाग कायमचा काळा पडतो. ही गोष्ट आईवडिलांना आधी सांगून त्यांची संमती घेणे आवश्यक आहे. अन्यथा औषधाने दात जळाला असा समज पसरून पुढील शिबिराला कोणी येत नाही. काळेपणा टाळण्यासाठी चांदीचे नॅनोकण व फ्ल्युओराइड यांचे मिश्रण वापरण्याचे प्रयोग ब्राझीलमध्ये झाले आहेत. रात्री आपोआप ठणकणारा, गळू झालेला अथवा गर उघडा पडलेला दात या उपचाराने बरा होत नाही. त्याला मूलनलिकेचा उपचार करावा लागतो किंवा तो काढावा लागतो.

चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा व अन्य काही भागांतील भूजलात फ्ल्युओराइडाचे प्रमाण मर्यादेपेक्षा (लिटरला १·५ मिग्रॅ.) जास्त आढळले आहे. तेथे हा विद्राव वापरावा काय, अशी शंका रास्त आहे. विद्रावाच्या एका थेंबात सुमारे १·१ मिग्रॅ. फ्ल्युओराइड असते व तेवढा थेंब चार-पाच दातांना पुरतो. वर्षातून दोनदा मिळणारी ही मात्रा दूषित पाण्यातून रोज पोटात जाणाऱ्या मात्रेच्या तुलनेत नगण्य होय. मात्र फ्ल्युओराइडाच्या अतिरेकाने दातांवर पडणारे तपकिरी डाग म्हणजे कीड नव्हे. त्यांवर हा विद्राव लावू नये.

दोन्ही जिल्ह्यांत खर्रा (सुपारी, तंबाखू व चुना यांचे मिश्रण) खाण्याचे प्रमाण मोठे आहे. गडचिरोलीत २०१६ पासून दारू व तंबाखू यांच्या नियंत्रणासाठी ‘मुक्तिपथ’ हे अभियान चालविण्यात आले. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातील न भरणारा व्रण, पांढरा चट्टा किंवा कमी होत जाणारी तोंडाची उघडझाप ही कर्करोगाची पूर्वचिन्हे असू शकतात. असा व्रण सिल्व्हर नायट्रेटाने जाळल्यास तो वरवर बदललेला दिसतो व निदान लांबते. दोन आठवड्यांत न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा काढून तपासणे हाच योग्य मार्ग होय.

दुष्परिणाम व मर्यादा : दीर्घकाळ चांदी पोटात गेल्यास वा मोठ्या क्षेत्रावर लावल्यास त्वचा कायमची निळसर-राखी होते. या विकाराला ‘अर्जिरिया’ म्हणतात. कोणत्याही रोगावर चांदीचे पाणी प्यावे, या प्रचाराला शास्त्रीय आधार नाही. सिल्व्हर सल्फाडायाझीनाने रक्तातील पांढऱ्या कोशिका तात्पुरत्या कमी होऊ शकतात. सल्फा औषधांची अधिहृषता (ॲलर्जी) असलेल्यांना, दोन महिन्यांखालील अर्भकांना व प्रसूती जवळ आलेल्या स्त्रियांना ते देत नाहीत.

वनप्रदेशात आणखी एका दक्षतेची गरज आहे. मध्य भारतातील आदिवासी समाजांत जी-६-पीडी या एंझाइमाची आनुवंशिक न्यूनता आढळते. अशा व्यक्तीच्या मोठ्या जखमेवर लावलेल्या मलमातील सल्फाडायाझीन रक्तात शोषले गेल्यास तांबड्या कोशिका फुटून रक्तक्षय व कावीळ होऊ शकते. गडचिरोलीत हिवतापासाठी प्रायमाक्विन देतानाही हीच काळजी घ्यावी लागते. सिकल पेशी विकारही याच भागात आढळत असल्याने रक्तक्षय आधीच असण्याचा संभव असतो. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाची लघवी गडद झाल्यास मलम तत्काळ थांबवावे. सल्फारहित नॅनोकणांच्या जेलचे महत्त्व अशा रुग्णांत अधिक आहे.

जंतूंतील रोधाचे उदाहरण १९७५ मध्ये नोंदले गेले. बॉस्टनच्या एका रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांच्या विभागात सिल्व्हर नायट्रेटाला न जुमानणाऱ्या साल्मोनेला जंतूंची साथ आली व तीत तीन रुग्ण दगावले. रोधाची जनुके एका कोशिकेतून दुसरीत जाऊ शकतात, असे नंतर दिसून आले. यामुळे कपडे, भांडी व सौंदर्यप्रसाधने यांत चांदीच्या कणांचा सरसकट वापर करणे तज्ञांना चिंताजनक वाटते. गरज नसताना चांदी वापरत राहिल्यास गरजेच्या वेळी ती निष्प्रभ ठरण्याचा धोका आहे.

प्रकाशाने व उष्णतेने चांदीची औषधे बिघडतात. चंद्रपुरात मे महिन्यात तापमान ४६° से. च्याही वर जाते. म्हणून उपकेंद्रातील साठा अपारदर्शक वेष्टनात व थंड, काळोख्या जागी ठेवावा आणि काळपट झालेले मलम टाकून द्यावे.

एकंदरीत, रस्ता, वीज व तज्ञ यांची वानवा असलेल्या प्रदेशात चांदी हे हाताशी ठेवण्याजोगे साधन आहे. रुग्णाला रुग्णालयापर्यंत पोहोचविण्याइतका वेळ ती मिळवून देऊ शकते आणि लहान मुलाचा दात टिकवू शकते. मात्र जखम धुण्याची, खोल व्रणाचे निदान करण्याची व वेळेवर रुग्ण पुढे पाठविण्याची जागा ती घेऊ शकत नाही.